डॉक्टर अल्झायमर: ज्यांच्या नावाच्या आजारातून म्हातारी माणसंच साठ वर्षं बाहेर राहिली

घरातल्या आजी सकाळी पूजा करतात. अर्ध्या तासाने पुन्हा आंघोळीची तयारी करतात, कारण पूजा राहिलीय असं त्यांना वाटतं. मुलाला भावाच्या नावाने हाक मारतात. शेजारच्या काकू म्हणतात, वय झालंय त्यांचं, चालायचंच. आपल्याकडे यासाठी म्हणच तयार आहे, साठी बुद्धी नाठी.

आता मात्र अशा वेळी बरेच जण दुसरा एक शब्द उच्चारतात, अल्झायमर. हा आजार आहे, वयाचा दोष नाही, एवढं आता अनेकांच्या कानावर आलेलं असतं.

पण हे कळायला जगाला फार उशीर झाला. आजाराचं पहिलं वर्णन झालं १९०६ साली. त्याला नाव मिळालं १९१० साली. आणि तो ज्यांना सगळ्यात जास्त होतो त्या म्हाताऱ्या माणसांनाही तो होतो, हे वैद्यकशास्त्राने खऱ्या अर्थाने मान्य केलं १९७० च्या दशकात. मधली साठेक वर्षं तरुण आणि मध्यमवयीन रुग्णांना आजाराचं नाव मिळत होतं आणि म्हाताऱ्यांना मिळत होतं फक्त म्हातारपण.

विशेष म्हणजे ज्या डॉक्टरांचं नाव या आजाराला दिलं गेलं, त्यांना स्वतःलाच ही वाटणी पटलेली नव्हती. त्यांचं नाव अलोइस अल्झायमर. त्यांची ही गोष्ट.

कानातल्या मळापासून सुरुवात

अलोइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ चा. जर्मनीतल्या बव्हेरियात, माइन नदीच्या काठावर मार्क्टब्राइट नावाचं छोटं गाव आहे, तिथला. वडील एडुआर्ड सरकारी नोटरी होते. घरात पैशाची चणचण नव्हती आणि मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष होतं.

पोरगं विज्ञानात हुशार निघालं. मेडिकलच्या शिक्षणासाठी बर्लिन, ट्युबिंगन आणि वुर्झबुर्ग अशी तीन विद्यापीठं झाली. त्या काळच्या जर्मन विद्यार्थ्यांमध्ये तलवारबाजीचं वेड होतं, त्यातून अलोइसही सुटले नाहीत. तलवारीचा एक व्रण त्यांच्या चेहऱ्यावर जन्मभर राहिला.

१८८७ साली डॉक्टरकी पूर्ण करताना त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय मेंदू नव्हताच. कानातला मळ ज्या ग्रंथींमुळे तयार होतो त्या ग्रंथींवर त्यांनी लिहिलं होतं. विषय ऐकून हसू येईल, पण या कामामुळे त्यांना एक सवय लागली. तासनतास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची. ही सवय पुढे कामी आली.

फ्रँकफुर्टचं वेड्यांचं इस्पितळ

१८८८ च्या डिसेंबरमध्ये अल्झायमर फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. वय चोवीस. हे इस्पितळ उभं करणारे डॉक्टर हाइनरिश हॉफमन म्हणजे जर्मनीत घराघरात वाचल्या जाणाऱ्या लहान मुलांच्या एका पुस्तकाचे लेखक. ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि एमिल सिओली नवे प्रमुख म्हणून आले होते.

त्या काळी मनोरुग्णांना बांधून ठेवणं, कोंडून ठेवणं ही सर्रास पद्धत होती. सिओली आणि अल्झायमर यांनी ती मोडायला घेतली. रुग्णांना शक्यतो बांधायचं नाही, कोमट पाण्यात बराच वेळ बसवून शांत करायचं, त्यांच्याशी बोलायचं. अल्झायमर रुग्णाजवळ बसून प्रश्न विचारायचे आणि मिळालेलं उत्तर जसंच्या तसं कागदावर उतरवायचे.

१८८९ मध्ये तिथे अजून एक तरुण डॉक्टर आला, फ्रान्झ निस्सल. मेंदूच्या पेशींना रंग देऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतील अशी पद्धत त्याने शोधली होती. दोघांची जोडी जमली. दिवसा वॉर्डात रुग्ण बघायचे आणि रात्री मृत रुग्णांच्या मेंदूचे पातळ काप रंगवून बघायचे. जिवंतपणी माणूस कसा वागत होता आणि मेल्यावर त्याच्या मेंदूत काय दिसलं, याचा मेळ घालायचा हा त्यांचा ध्यास होता.

याच वर्षांत अल्झायमर यांनी म्हाताऱ्या रुग्णांच्या मेंदूवरही काम केलं. रक्तवाहिन्या कडक झाल्या की मेंदूचं काय होतं, यावर त्यांनी लिहिलं. म्हातारपणी बुद्धी कमी होण्याचं कारण तेव्हा साधारण तेच सांगितलं जायचं. शरीर झिजतं, रक्तवाहिन्या झिजतात, मेंदूही झिजतो.

१८९४ मध्ये त्यांनी सेसिलिए गाइझेनहाइमर यांच्याशी लग्न केलं. त्या एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या विधवा होत्या. तीन मुलं झाली. संसार सुखाचा होता, पण टिकला सातच वर्षं. १९०१ च्या सुरुवातीला सेसिलिए वारल्या. मुलं लहान होती. अल्झायमर यांची बहीण एलिझाबेथ घर सांभाळायला आली आणि अल्झायमर यांनी स्वतःला कामात बुडवून घेतलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासमोर एक बाई आली.

नाव आठवत नाही ती बाई

२५ नोव्हेंबर १९०१ ला ऑगस्टे डेटर यांना इस्पितळात आणलं गेलं. वय ५१. नवरा कार्ल रेल्वेत कारकून. संसार बरा चालला होता, पण काही महिन्यांपासून ऑगस्टे बदलल्या होत्या. आधी नवऱ्यावर संशय घेऊ लागल्या. मग स्वयंपाकात चुका व्हायला लागल्या. वस्तू लपवून ठेवायच्या आणि कुठे ठेवल्या ते विसरायच्या. आपल्याला कोणीतरी मारायला येतंय असं वाटून ओरडायच्या.

दुसऱ्या दिवशी अल्झायमर त्यांच्याजवळ बसले. नाव विचारलं, ते सांगितलं. आडनाव विचारलं, तर पुन्हा पहिलंच नाव. नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हाही आधी स्वतःचंच नाव. जेवणाच्या ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं, काय खाताय विचारल्यावर त्यांनी पालक सांगितला. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर सुरुवात करून त्या थांबल्या, पुढचं विसरल्या. मी स्वतःलाच हरवून बसलेय, अशा अर्थाचं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

अल्झायमर हे सगळं लिहून घेत होते. अशी लक्षणं त्यांनी आधीही पाहिली होती, पण सत्तरी ऐंशीच्या माणसांत. इथे चमकण्यासारखी गोष्ट होती ती बाईंचं वय. पन्नाशीत असं व्हायला नको होतं.

इथेच या गोष्टीची मेख आहे. ऑगस्टे पंचाहत्तरीच्या असत्या, तर कदाचित त्या फाइलवर म्हातारपणाचा शिक्का बसला असता आणि विषय संपला असता. एकावन्न वयामुळे त्या संशोधनाचा विषय ठरल्या. बाकीच्या म्हाताऱ्या रुग्णांत तेच दिसत होतं, पण ते अपेक्षित होतं. आणि जे अपेक्षित असतं त्याचं कारण कोणी शोधत बसत नाही.

एक मेंदू आणि दोन खुणा

१९०३ मध्ये अल्झायमर यांनी फ्रँकफुर्ट सोडलं आणि ते एमिल क्रेपेलिन यांच्याकडे काम करू लागले. क्रेपेलिन म्हणजे त्या काळचं मानसोपचारातलं सगळ्यात मोठं नाव. आधी हायडेलबर्ग आणि मग म्युनिक. म्युनिकमध्ये अल्झायमर यांनी सुरुवातीला पगारही घेतला नाही. बायकोच्या मागे राहिलेल्या पैशामुळे घर चालत होतं आणि संशोधनाला मोकळीक हवी होती.

म्युनिकची त्यांची प्रयोगशाळा लवकरच प्रसिद्ध झाली. देशोदेशीचे विद्यार्थी तिथे शिकायला यायचे. अल्झायमर यांना सिगारचं भारी व्यसन. एखाद्या विद्यार्थ्याच्या टेबलाशी जाऊन बसायचे, सिगार बाजूला ठेवायचे, सूक्ष्मदर्शकात डोकं घालायचे आणि सिगार तिथेच विसरून पुढच्या टेबलाकडे जायचे. संध्याकाळी जवळपास प्रत्येक टेबलावर एक सिगारचं थोटूक सापडायचं, असं सांगतात.

पण फ्रँकफुर्टच्या त्या बाईला ते विसरले नव्हते. तिच्या तब्येतीची बातमी ते मागवत राहिले. ८ एप्रिल १९०६ ला ऑगस्टे वारल्या. शेवटी त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, बेडसोर झाले होते आणि त्यातून संसर्ग पसरला होता. अल्झायमर यांच्या विनंतीवरून सिओली यांनी फाइल आणि मेंदू म्युनिकला पाठवला.

चांदीच्या क्षाराने पेशी रंगवायची नवी पद्धत तेव्हा नुकतीच आली होती. ती वापरून अल्झायमर यांनी मेंदूचे काप पाहिले. दोन गोष्टी ठळक दिसल्या. एक म्हणजे पेशींच्या मध्ये साचलेले गोळे, ज्यांना आज प्लाक म्हणतात. दुसरी म्हणजे पेशींच्या आत तयार झालेले धाग्यांचे गुंते. आजही अल्झायमरच्या आजाराची ओळख याच दोन खुणांवरून पटते.

३ नोव्हेंबर १९०६ ला ट्युबिंगनमध्ये मानसोपचारतज्ज्ञांची परिषद होती. तिथे अल्झायमर यांनी ही केस मांडली. व्याख्यान संपलं. एकाही माणसाने प्रश्न विचारला नाही. पुढच्या वर्षी त्याचा छोटा वृत्तांत छापून आला, बस्स एवढंच.

प्राग शहरात कोणीतरी म्हाताऱ्यांकडेच बघत होतं

त्याच सुमारास प्रागमध्ये ऑस्कर फिशर नावाचे डॉक्टर उलट्या दिशेने निघाले होते. त्यांनी एका केसवर समाधान मानलं नाही. म्हातारपणी बुद्धी गेलेल्या १६ जणांचे मेंदू त्यांनी तपासले. त्यातल्या १२ जणांत त्यांना तेच गोळे सापडले. १९०७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्धही केलं.

म्हणजे अगदी सुरुवातीलाच दोन्ही बाजूंचा पुरावा समोर होता. ५१ वर्षांच्या बाईच्या मेंदूत जे होतं, ते बऱ्याच म्हाताऱ्यांच्याही मेंदूत होतं. दोन्ही एकाच आजाराची रूपं असतील का, हा प्रश्न तेव्हाच विचारता आला असता.

तो विचारला गेला नाही, कारण मध्ये आलं एक पाठ्यपुस्तक.

१९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या मानसोपचाराच्या पाठ्यपुस्तकाची आठवी आवृत्ती काढली. जर्मनीबाहेरही हे पुस्तक प्रमाण मानलं जायचं. त्यात त्यांनी या आजाराला अल्झायमरचा आजार असं नाव दिलं. आणि तो म्हातारपणाच्या डिमेन्शियापासून वेगळा, कमी वयात होणारा आजार म्हणून मांडला. हा वेगळा आजार आहे की म्हातारपणाच्याच आजाराचं गंभीर रूप, याबद्दल त्यांनीही शंका ठेवली होती. पण पुस्तकातली शंका विसरली जाते आणि नाव लक्षात राहतं.

क्रेपेलिन यांनी एवढी घाई का केली, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. प्रागच्या गटाशी स्पर्धा होती म्हणून, असं काही जण म्हणतात. मानसिक आजारांची मुळं मेंदूत असतात हे सिद्ध करायचं होतं म्हणून, असं दुसरे म्हणतात. कारण काहीही असो, परिणाम एकच झाला. आजाराच्या मधोमध वयाची रेघ ओढली गेली.

फिशर यांचं नाव हळूहळू पुसलं गेलं. ते ज्यू होते. १९४१ मध्ये नाझींच्या गुप्त पोलिसांनी त्यांना पकडलं आणि १९४२ मध्ये तेरेझिनच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या कामाची पुन्हा आठवण निघायला पुढे अनेक दशकं जावी लागली.

स्वतः अल्झायमर काय म्हणत होते

आपल्या नावाचा आजार पाठ्यपुस्तकात आल्यावर कोणीही हुरळून गेलं असतं. अल्झायमर यांनी १९११ साली अजून एक केस प्रसिद्ध केली. रुग्ण ५६ वर्षांचा पुरुष होता. त्याच्या मेंदूत गोळे भरपूर होते, गुंते मात्र दिसले नाहीत. हा लेख लिहिताना त्यांनी फिशर यांचं कामही विचारात घेतलं.

आणि मग त्यांनी जो निष्कर्ष काढला तो क्रेपेलिन यांच्या पुस्तकाला छेद देणारा होता. या रुग्णांना काही वेगळाच आजार आहे असं मानायला पुरेसा आधार नाही, हे म्हातारपणच्या डिमेन्शियाचेच प्रकार आहेत, फक्त लवकर सुरू झालेले आणि थोडे वेगळे दिसणारे, अशी त्यांची भूमिका होती.

थोडक्यात, ज्यांच्या नावाने रेघ ओढली गेली त्यांनीच ती रेघ खोडायचा प्रयत्न केला. पण बॉसच्या पुस्तकापुढे हा लेख फिका पडला.

१९१२ मध्ये अल्झायमर यांना ब्रेस्लाउ विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं. हे शहर आज पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्स्वाफ म्हणतात. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते पद हाती आलं, पण तिकडे जाताना रेल्वेतच ते आजारी पडले. संसर्गाचा परिणाम हृदयावर झाला. त्यातून ते पूर्ण बरे झालेच नाहीत. तरी तीन वर्षं काम करत राहिले. मग पहिलं महायुद्ध सुरू झालं. १९ डिसेंबर १९१५ ला त्यांचा मृत्यू झाला. फ्रँकफुर्टमध्ये सेसिलिए यांच्या शेजारी त्यांना पुरण्यात आलं.

तेव्हा त्यांचं वय होतं ५१. ऑगस्टे इस्पितळात आल्या तेव्हा त्यांचंही वय तेवढंच होतं. म्हातारपण काय असतं हे अल्झायमर यांना स्वतः बघायला मिळालंच नाही.

रेघेच्या पलीकडची माणसं

त्यांच्या मागे नियम पक्का झाला. साधारण ६५ च्या आत बुद्धी ढासळायला लागली तर अल्झायमर. त्यानंतर झालं तर सेनाइल डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणचा विसर. पहिला आजार दुर्मीळ, म्हणून अभ्यासण्याजोगा. दुसरा सगळीकडे दिसणारा, म्हणून कोणाच्याच अभ्यासात नाही.

याचा अर्थ काय झाला ते बघा. घरातल्या ऐंशीच्या आजोबांना डॉक्टरकडे नेलं तर रक्तवाहिन्या कडक झाल्यात, वयाचं आहे, असं सांगून परत पाठवलं जायचं. औषध शोधायचं तर आजार हवा. आजारच नाही तर संशोधनाला पैसा कशाला? इस्पितळांच्या मागच्या वॉर्डांत आणि वृद्धाश्रमांत अशी असंख्य माणसं होती आणि आकडेवारीत ती कुठेच नव्हती.

ही कोंडी फुटली इंग्लंडमधल्या न्यूकासल शहरात. १९६० च्या दशकात मार्टिन रॉथ, बर्नार्ड टॉमलिन्सन आणि गॅरी ब्लेस्ड या तिघांनी साधी पण कोणी न केलेली गोष्ट केली. म्हाताऱ्या माणसांची ती जिवंत असताना स्मरणशक्ती आणि रोजचं वागणं तपासलं, गुण दिले, आणि मृत्यूनंतर त्यांचे मेंदू बघून गोळे मोजले. अल्झायमर आणि निस्सल फ्रँकफुर्टला जे करायचे तेच, फक्त या वेळी मुद्दाम म्हाताऱ्यांवर.

१९६८ च्या त्यांच्या शोधनिबंधातून दिसलं की गोळे जितके जास्त, तितकी जिवंतपणी बुद्धी जास्त ढासळलेली. १९७० मध्ये त्यांनी डिमेन्शिया झालेल्या ५० म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूंचा अभ्यास मांडला. त्यातल्या साधारण निम्म्यांच्या मेंदूत मुख्य बिघाड अल्झायमरचाच होता. ज्या रक्तवाहिन्यांवर इतकी वर्षं खापर फोडलं गेलं, तेवढंच कारण असलेले रुग्ण त्याहून बरेच कमी निघाले.

एप्रिल १९७६ मध्ये अमेरिकेतले मेंदुविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात छोटं संपादकीय लिहिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. वयाची ही रेघ मनमानी आहे, दोन्ही आजार एकच आहेत, आणि ते एक मानले तर अल्झायमर हा मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक ठरतो. एका लेखाने दुर्मीळ आजार लाखोंचा आजार झाला. रुग्ण वाढले नव्हते, ते आधीपासून होतेच. फक्त आता त्यांना मोजायला सुरुवात झाली.

त्यानंतर चक्रं वेगाने फिरली. अमेरिकेत १९७४ मध्ये वृद्धत्वावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली होती, तिने हा आजार अग्रक्रमावर घेतला. १९८० मध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांची संघटना उभी राहिली. १९९३ मध्ये पहिलं औषध मंजूर झालं, १९९६ मध्ये आजही वापरात असलेलं डोनेपेझिल आलं. ही औषधं आजार बरा करत नाहीत, लक्षणं काही काळ आटोक्यात ठेवतात. पण साठ वर्षं आधी सुरुवात झाली असती तर आज आपण कुठे असतो, हा प्रश्न उरतोच.

रेघ अजून पुसली गेलेली नाही

आता तरी सगळं ठीक असेल असं वाटेल. पण वयाची रेघ दुसऱ्या रूपात टिकून आहे, औषधांच्या चाचण्यांमध्ये.

नवं औषध बाजारात येण्याआधी ते माणसांवर तपासलं जातं. त्यात कोणाला घ्यायचं याचे नियम असतात. कित्येक चाचण्यांत वयाची वरची मर्यादा असते. जिथे ती नसते तिथे दुसऱ्या अटी असतात. किडनी कमजोर नको, मधुमेह आणि हृदयविकार सोबत नको, आधीची चार औषधं चालू नकोत, एकट्याने दवाखान्यात येता आलं पाहिजे. सत्तरीपुढचं कोण या चाळणीतून पार होणार?

संशोधकांची बाजूही आहे. एकाच माणसाला पाच आजार असले तर औषधाचा परिणाम नेमका कशाचा, हे ओळखणं अवघड जातं. म्हातारी माणसं मध्येच चाचणी सोडण्याची शक्यता जास्त असते. विसर पडणाऱ्या माणसाची संमती कशी घ्यायची, हाही प्रश्न असतो. या अडचणी खऱ्या आहेत. पण औषध शेवटी गिळणार आहेत तीच माणसं. वय वाढतं तशी किडनी आणि यकृताची औषध शरीराबाहेर काढायची ताकद कमी होते. चाळिशीच्या माणसावर बसवलेला डोस पंच्याऐंशीच्या माणसाला जड जाऊ शकतो.

अल्झायमरच्याच एका नव्या औषधाचं उदाहरण घ्या. डोनानेमॅबच्या मोठ्या चाचणीत ६० ते ८५ वयाचेच रुग्ण घेतले गेले. म्हातारपणाच्या आजारावरचं औषध, आणि वयाचं दार ८५ ला बंद. शिवाय ऐंशीपुढच्या मेंदूत अल्झायमरच्या गोळ्यांसोबत रक्तवाहिन्यांचे बिघाडही बऱ्याचदा असतात. असा मिश्र मेंदू असलेल्या माणसावर औषध किती चालेल, हे त्यांना चाचणीत घेतल्याशिवाय कळणार कसं?

म्हाताऱ्यांना मुद्दाम घेतलं तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. ऐंशीपुढच्या माणसांचं ब्लड प्रेशर औषधाने कमी करावं की नाही, यावर डॉक्टरांमध्ये वर्षानुवर्षं घोळ होता. मग फक्त ऐंशी आणि त्यापुढच्या ३,८४५ लोकांवर एक चाचणी झाली. २००८ मध्ये निकाल आला. औषध घेणाऱ्या गटात मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. जो घोळ कित्येक वर्षं चालला तो सुटला, कारण कोणीतरी त्या वयाच्या माणसांना विचारात घेतलं.

नियमही बदलतायत. चाचण्यांत विनाकारण वयाची मर्यादा घालू नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन १९९३ पासून आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१९ पासून असा नियम केला की तिच्या पैशातून होणाऱ्या माणसांवरच्या संशोधनात सगळ्या वयाच्या लोकांना घ्यायचं, आणि कोणाला वगळायचं असेल तर कारण द्यायचं. आधी म्हाताऱ्यांना का घ्यायचं हे सांगावं लागायचं, आता का वगळलं हे सांगावं लागतं.

भारतासाठी हा लांबचा विषय नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा आहे की आपल्याकडे साठीपुढच्या दर शंभरात सात जणांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक. यातल्या कित्येकांच्या घरात आजाराचं नाव अजून पोचलेलं नाही. तिथे वयच झालेलं आहे.

हरवलेली फाइल

ऑगस्टे डेटर यांची फाइल बरीच वर्षं सापडत नव्हती. डिसेंबर १९९५ मध्ये फ्रँकफुर्टच्या इस्पितळाच्या जुन्या कागदपत्रांत ती मिळाली. निळ्या पुठ्ठ्यात, अल्झायमर यांच्या अक्षरातल्या प्रश्नोत्तरांसकट. नाव काय, आडनाव काय, नवऱ्याचं नाव काय. नंतर त्यांच्या मेंदूच्या काचाही म्युनिकमध्ये सापडल्या.

ती फाइल आजही वाचण्यासारखी का आहे? त्यात कुठलंही मोठं यंत्र नाही. एक डॉक्टर एका बाईसमोर बसलाय, साधे प्रश्न विचारतोय आणि उत्तर येईपर्यंत थांबतोय. एवढंच आहे.

तेव्हा घरातलं कोणी तोच प्रश्न पुन्हा विचारू लागलं, ओळखीच्या रस्त्यावर चुकू लागलं, तर वय झालंय म्हणून सोडून देऊ नका. विसर पडण्यामागे थायरॉइड, बी-१२ ची कमतरता किंवा नैराश्य अशी बरी होणारी कारणंही असू शकतात. ती आधी तपासायला हवीत. आणि अल्झायमर निघालाच, तर निदान त्याला त्याच्या नावाने ओळखता येईल.

अलोइस अल्झायमर यांनी १९११ मध्ये जे लिहिलं होतं ते एवढंच होतं. आजार वय बघून वेगळा होत नाही.